आईने धरलेले दहा दिवस

तेव्हा कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढं घोटाळा नको. नाना, म्हणजे माझे वडील, महसूल खात्यात कारकून. आई, तिचं नाव इंदू. मी सुमन, चौदा संपून पंधरावं लागलेलं. माझी धाकटी बहीण बेबी, सहा वर्षांची. नानांची मोठी बहीण विमलआत्या, ती हिमायतनगरला राहायची, पण महालक्ष्म्यांच्या सणाला दरवर्षी आमच्याकडं यायची. आणि घराबाहेरच्या दोघी, सरोजक्का आणि तिची म्हातारी अम्मा. अम्मा तर ह्या गोष्टीच्या सुरुवातीलाच वारली. एवढीच माणसं. ह्यातल्या आता मी आणि बेबी उरलो. बेबीला फारसं काही आठवत नाही. फोनवर म्हणते, तूच लिही, तुझ्याच लक्षात आहे सगळं.

आमचं घर काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. भाड्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि न्हाणीला लागून अडगळीची एक बारकी खोली. इंजिन डबे ढकलायला लागलं की मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून वाजायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला ऐकूच यायचं नाही. सकाळी ज्वारीची भाकरी आणि काहीतरी कोरडं, संध्याकाळी वरणभात. नाना जेवताना बोलायचे नाहीत. जेवण आवडलं तर परत मागायचे, नाही आवडलं तर परत मागायचे नाहीत, आईला त्यावरून समजायचं. ते वाईट नव्हते. मारलं नाही, प्यायले नाहीत, पगार आणून आईच्या हातात द्यायचे. ऑफिसातून आले की खुंटीला टोपी लावायची, पाय धुवायचे आणि पेपर. आईला पेपर संपायची वाट बघायची सवय झाली होती, आणि पेपर काही संपायचा नाही.

सरोजक्काचा शिवणाचा क्लास बरकतपुऱ्यात होता. दोन मशिनी, एक लाकडी टेबल आणि आतल्या खोलीत तिची अम्मा. सरोजक्का तेलुगू, लग्न केलेलं नाही, आईपेक्षा चारपाच वर्षांनी लहान. अंगानं सडसडीत, गळ्यात कायम टेप, तोंडात कायम टाचण्या. टाचण्या तोंडात धरूनच ती बोलायची आणि तरी शब्द नीट यायचे, त्याचं मला फार नवल वाटायचं. आई तिथं गेली ती माझ्या परकराला चुण्या कशा घालायच्या ते शिकायला. आधी आठवड्यातून दोनदा जायची, मग रोज दुपारी जायला लागली. वर्षभरात आईला तेलुगू इतकं यायला लागलं की शब्द शोधावा लागायचा नाही. सरोजक्का तिला "इंदूगारू" म्हणायची, मानानं. आई तिला नुसतं सरोजा म्हणायची. घरी आमच्या पानात गोंगूऱ्याची पचडी, म्हणजे अंबाडीची तिखट चटणी, यायला लागली. नाना ती परत मागायचे.

आई तिथं हसायची. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला लाजल्यासारखं झालं, उगीच. एकदा शाळेतून परस्पर तिकडं गेले, तर क्लास सुटलेला होता आणि आतल्या खोलीत सरोजक्का आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. आई तिच्या केसातले दोऱ्याचे तुकडे एकेक वेचून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवत होती. मला बघून आई उठली नाही. म्हणाली, "हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय." मी दप्तर ठेवलं आणि बाहेर मशीनच्या पायट्यावर पाय मारत बसले.

परवा माझी नात म्हणाली, "अज्जी, म्हणजे त्या दोघी कपल होत्या ना?" ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, इथंच कुकटपल्लीच्या घरातून काम करते, कानात ते घालून दिवसभर बोलत असते. मी म्हणलं, हौ, तुझ्या भाषेत जे असेल ते. ती म्हणाली, "तुम्हाला तेव्हा कळलं होतं?" कळलं होतं. नाव ठाऊक नव्हतं, पण लेकरांना घरातलं कळतं. आई जिथं हसते ते घर आपलं नाही, एवढं मला चांगलं कळलं होतं, आणि त्याचा मला राग होता.

मग अम्माला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. सरोजक्काला क्लास बंद ठेवून चालणार नव्हतं, त्यावरच दोघींचं पोट. म्हणून आई जायला लागली, सकाळी स्वयंपाक उरकून. आठनऊ महिने तिनं त्या म्हातारीचं सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, पातळ भात करून चमच्यानं भरवणं, घाणीची लुगडी धुणं. आमची आजी आईच्या लग्नाआधीच गेलेली, त्यामुळं आईनं सासूचं असं कधी काही केलं नव्हतं. विमलआत्या तेव्हाच एकदा म्हणाली होती, "इंदूला सासुरवास नाही मिळाला, म्हणून उसना आणायला गेलीय बरकतपुऱ्यात." सगळे हसले, आईपण हसली. अम्मा शेवटी शेवटी आईला "कोडला" म्हणायची. तेलुगूत कोडलु म्हणजे सून. म्हातारीचं डोकं फिरलंय असं सगळ्यांनी धरलं. मला नाही वाटत फिरलं होतं.

अम्मा गेली ती भाद्रपदात, महालक्ष्म्या यायला पाच दिवस राहिले होते तेव्हा. आई सकाळी गेलेली, दुपारी ओल्या लुगड्यानं परत आली. मागच्या दारानं आली, न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतलं, आणि अडगळीच्या खोलीत चटई टाकून बसली. मी पळत गेले तर हात पुढं करून म्हणाली, "शिवू नकोस. अम्मा गेल्या. दहा दिवस मला शिवायचं नाही, स्वयंपाकाचं तू बघ." मी विचारलं, दहा का? ती म्हणाली, "सुतक आहे. कोणी विचारलं तर म्हणायचं, आईला विचारा. तू काही सांगायचं नाहीस. कळलं का?" मी मान हलवली.

पहिले चार दिवस कोणी विचारलंच नाही. आई दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचीच, तेव्हा सगळ्या घरांतून बसायच्या. मी भात-वरण करायचे, तिचं ताट उंबऱ्याबाहेरून सरकवायचे. नानांनी आपोआप तेच धरलं. जेवताना एवढंच म्हणाले, "महालक्ष्म्यांच्या आत न्हाईल ना?" मी म्हणलं, काय की. आई त्या खोलीत गप्प बसून असायची. गोड खाल्लं नाही, केसाला तेल नाही. बेबी दारात बसून तिच्याशी गप्पा मारायची आणि मध्येच हात पुढं करायची, आई मागं सरकायची. बेबीला तो खेळच झाला होता. मला तो खेळ बघवत नव्हता.

आता ज्यांच्या घरी महालक्ष्म्या नाहीत त्यांना सांगायला पाहिजे की हा सण म्हणजे काय. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी येतात, तीन दिवस राहतात. पितळेचे मुखवटे, खाली धडाच्या जागी कोठ्या, त्यांना नऊवारी नेसवायची. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, सगळं सोवळ्यात. घरची सून सुतकात असली तर तिचा हात कशालाच लागत नाही. आणि आमच्या घरात नेसवायचं काम फक्त आईला येत होतं. तिनं नेसवलेल्या महालक्ष्म्या बघायला गल्लीतल्या बायका मुद्दाम यायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी आईनं न्हाऊन घरात यायला पाहिजे होतं. ती आली नाही. दुपारी विमलआत्या पिशव्या घेऊन उतरली. उतरली तीच हुकूम देत, हरभऱ्याची डाळ निवडली का, केळीची पानं सांगितली का. "इंदू कुठंय?" मी मागं बोट दाखवलं. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आत्ताच का कावळा शिवायचा होता हिला." आणि पदर खोचून कामाला लागली. मग तिची नजर माझ्या डोक्याकडं गेली. पाच दिवस कोणी वेणी घातली नव्हती, मला स्वतःची नीट घालता यायची नाही, गुंता होऊन नुसतं घरटं झालेलं. आत्या म्हणाली, "ये इकडं, पोट्टी. काय ही दशा." तिनं मला पुढ्यात बसवलं, खोबरेल तेल कोमट केलं, आणि हळूहळू गुंता सोडवायला लागली. आत्याचा हात जड म्हणून सगळ्यांना माहीत, पण त्या दिवशी फार हलका लागला. पाच दिवसांत मला पहिल्यांदा कोणी शिवत होतं. माझे डोळे मिटायला लागले.

"कधी बसली गं आई?"

"रविवारी."

"म्हणजे आज पाचवा. मग न्हाली का नाही?"

आईला विचारा, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तसं म्हणलं तर आत्या कंगवा खाली ठेवून उठेल असं मला वाटलं. मी म्हणलं, "ती तसली बसली नाही. सुतक आहे."

"सुतक? कोणाचं? तिच्या माहेरून तर काही कळलं नाही."

"सरोजक्काच्या अम्माचं. दहा दिवस."

आत्याचा हात थांबला. मग परत चालू झाला, वेणी पुरती घातली, रिबीन बांधली, गाठ मारली. मग उठली. एवढं मी आजही तिच्या बाजूनं सांगते, वेणी तिनं अर्धवट टाकली नाही.

तिनं नाना घरी येईपर्यंत दम धरला. नाना आले, टोपी खुंटीला लावली, पाय धुतले. पेपर उचलायच्या आत आत्या म्हणाली, "पेपर राहू दे. मागं चल." ते दोघं अडगळीच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. मी बेबीला घेऊन न्हाणीच्या पायरीवर होते, मला कोणी जा म्हणलं नाही.

आत्या म्हणाली, "इंदू, मला एक हिशोब समजत नाही, तू सांग. शेजारपाजारचं कोणी गेलं तर अंघोळ केली की संपलं. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीन दिवस. आणि दहा दिवस कोणाचं असतं? सासरचं. तुझं सासर हे. इथलं कोणी मेलं नाही, आम्ही सगळे धडधडीत जिवंत आहोत. मग हे दहा कुठले?"

आई चटईवर बसूनच म्हणाली, "तुम्हाला मोजता येतंय वन्सं. मग विचारता कशाला?"

आत्या नानांकडं बघायला लागली. नानांना कळायला वेळ लागला, का आधीच कळलं होतं आणि बोलायला वेळ लागला, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी दाराची चौकट धरली होती. मग ते खाली बसले, उंबऱ्याच्या अलीकडं, आईच्या समोर. मी त्यांना आईसमोर असं जमिनीवर बसलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "इंदू, तू तीन म्हण. म्हातारीला आईसारखं मानलंस, इतके दिवस केलंस तिचं, सगळ्यांना माहीत आहे. मानलेली आई. तीन दिवस. तीन होऊन गेले. ऊठ, डोक्यावरून पाणी घे, महालक्ष्म्या उभ्या कर. मी काही विचारणार नाही. ताईपण विचारणार नाही."

आत्या म्हणाली, "नाही विचारणार." तिच्यानं तेवढं झालं हे पण लिहून ठेवते.

आता म्हातारी झाल्यावर मला दिसतं की त्यांनी किती मोठी वाट करून दिली होती. तीन म्हणायचं, की सगळं परत होतं तसं. ती बरकतपुऱ्याला रोज गेली असती तरी कोणी बोललं नसतं, मानलेली बहीण म्हणून चाललं असतं जन्मभर. मी पायरीवर बसून मनात म्हणत होते, तीन म्हण, तीन म्हण.

आई नानांकडं बघत होती. रागानं नाही. म्हणाली, "तुम्ही चांगलं सांगताय. पण दहाच आहेत."

नानांनी उंबऱ्यावर हात टेकला. मग म्हणाले, "मग ज्या घरचं आहे त्या घरी धर." आणि उठून पुढच्या खोलीत गेले. पेपर उलगडल्याचा आवाज आला.

आईनं चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. नेसत्या लुगड्यानं मागच्या दारानं गेली. जाताना बेबीला आणि मला शिवली नाही, पाच दिवस उरले होते ना.

महालक्ष्म्या झाल्या. आत्यानं नेसवल्या, निऱ्या एकीच्या वर, एकीच्या खाली. सोळा भाज्या झाल्या, पुरण झालं, मी आंबील ढवळली. बायका हळदीकुंकवाला आल्या, इंदू कुठंय म्हणून विचारलं, आत्यानं सांगितलं की माहेरी गेलीय, आई आजारी आहे. सगळ्या हौ हौ म्हणाल्या. कोणाला खरं वाटलं नाही. पण पुरणपोळ्या चांगल्या झाल्या होत्या, सगळ्यांनी तेच बोलून दाखवलं.

अकराव्या दिवशी सकाळी आई आली. नाना ऑफिसला गेलेले. न्हालेली, ओले केस, धुतलेलं पातळ, पुढच्या दारानं आली. दारात आत्या.

आत्या म्हणाली, "सामान न्यायला आलीस?"

आई म्हणाली, "घरी आले. सुतक फिटलं." ती खरंच तसं धरून आली होती. दहा दिवस तिथलं करायचं आणि मग इथलं करायचं. दोन्ही आपली घरं, असं तिचं गणित होतं. त्यात कोणाला एक सोडावं लागेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि तिनं बाजूला ठेवलं असेल.

आत्या दारातून हलली नाही. "इथलं सुतक आता आम्ही धरतो," म्हणाली.

मी आत्याच्या मागं उभी होते, बेबी माझा परकर धरून. आईनं आत्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "वेणी कोणी घातली गं?"

मी म्हणलं, "आत्यानं."

"चांगली घातलीय," आई म्हणाली. आणि पायऱ्या उतरून गेली.

माझं शाळेतलं नाव दिवाळीनंतर काढलं. आठवी अर्धी झाली होती. कोणीतरी स्वयंपाक करायलाच पाहिजे होता, आत्याला तिचं घर होतं. पाणी भरणं, भाकरी, नानांचा डबा, बेबीची शाळा, तिच्या उवा, तिचा गोवर. मी तक्रार करत नाही, त्या काळात पुष्कळ मुलींची शाळा ह्याहून फालतू कारणांनी सुटली. नानांनी दुसरं लग्न केलं नाही. आईचं नाव घेतलं नाही, कोणाला वाईट बोलूही दिलं नाही. एकदा आत्या काही बोलायला लागली तर म्हणाले, "ताई, भात वाढ." पुढं मी पचडी करायला शिकले, ती ते परत मागायचे.

आई सरोजक्काकडं राहिली, शेवटपर्यंत. दोघींनी क्लास चालवला. माझं लग्न झालं तेव्हा तिला बोलावलं नाही, पण माझे सगळे ब्लाऊज कोणीतरी शिवून पाठवले, माप न घेता, आणि एकही उसवावा लागला नाही. लग्नानंतर नवरा म्हणाला, तुझी आई आहे, जायचं तर जा. मग मी जायला लागले.

एका दुपारी तिथं भेंड्या चिरत बसले होते. थोरला मुलगा पोटात होता. मी एकदम म्हणलं, "आई, आत्याला मीच सांगितलं होतं. दहा दिवसांचं."

आई डाळ निवडत होती. म्हणाली, "माहीत आहे."

"रागावली नाहीस?"

"रागावले ना. दोन वर्षं रागावले." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "मग कळलं, माझीच चूक. तुला सांगायलाच नको होतं मी. मोठ्या बाईला पेलत नाही ते पोरीच्या हातात दिलं, आणि वर म्हणलं, सांडू नकोस."

मशीनवरून सरोजक्का म्हणाली, "भेंडी बारीक चिर, सुमा. पुलुसूच्या रश्श्याला नक्को, परतून करायची आहे." तोंडात टाचण्या होत्याच. आम्ही तिघी मग भेंडीवर बोललो.

आईनं मला मोकळं केलं, पण त्याला मध्ये आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत चुलीपुढं बसून मी रोज एकच विचार करायचे, की हे घर मी मोडलं. मी नसतं सांगितलं तरी मोडलंच असतं, आज ना उद्या, हे आता मला दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं, आणि कोणी सांगितलं नाही. नानांनी नाही, आत्यानं नाही. त्यांना वाटलं असेल की पोरगी कामाला लागलीय, गप्प आहे, म्हणजे ठीक आहे.

वाचणाऱ्याला माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात असलं काही निघालं, बाईचं, पुरुषाचं, कोणाचंही, तर मोठ्यांनी मोठ्यांना विचारावं. लेकराला जवळ घेऊन, गोड बोलून त्याच्याकडून काढून घेऊ नका. आणि काढून घेतलंच, त्यानं खरं ते सांगितलं, तर त्याच दिवशी त्याला तोंडानं सांगा, की ह्यात तुझं काही नाही. मनात ठेवू नका. सांगा.